गॅलिपोली : खेचरवाल्यांच्या मागावर

गॅलिपोलीला जायचं ठरलं ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आर्मी सर्व्हिस कोअरमधून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्याजवळच्या गावी शेती करतात. नोकरीतली बहुतेक वर्षं ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये गेली. जिथं गाडीरस्ता संपतो तिथून पुढच्या चौक्यांवर रॉकेल, राशन आणि दारूगोळा खेचरांवर लादून पोचवायचा, हे काम. लॉकडाऊनमध्ये त्यांना यूट्यूबचा नाद लागला आणि १९१५ साली गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर आपली खेचरं उतरली होती हे त्यांना कळलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बारशा-लग्नात तो किनारा निघायचाच. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, चला, बघूनच येऊ."

एक गोष्ट आधीच सांगते. गॅलिपोलीत मराठा पलटण नव्हती. आमच्या भागातली माणसं त्या युद्धात गेली ती मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. ६ नोव्हेंबर १९१४ ला पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड फाओच्या किनाऱ्यावर उतरली, तिच्यात ११७ वी मराठा होती. अपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तात्यांचे चुलत आजोबाही तिकडेच राहिले. पण इराकला जाणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं आणि तात्यांचं मन खेचरांत अडकलेलं. म्हणून तुर्कस्तान.

ज्यांना गॅलिपोलीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इस्तंबूलकडे जाणारी दार्दानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घ्यायची, हा ब्रिटन-फ्रान्सचा बेत. १८ मार्च १९१५ ला नुसत्या आरमाराने ती फोडण्याचा प्रयत्न फसला. मग २५ एप्रिलला द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं. दक्षिण टोकाला, म्हणजे हेलेसला ब्रिटिश, आणि वर पश्चिम किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं अँझॅक सैन्य. आठ महिने झुंजून हाती काही आलं नाही आणि सगळे माघारी गेले. या सगळ्यात सुमारे १६ हजार भारतीय होते. शीख, गुरखे, पंजाबी मुसलमान, पहाडी तोफखाना, आणि तात्यांचे ते खेचरवाले.

व्हिसाबद्दल एवढंच, की अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिनिटांत मिळतो. माझा तसा मिळाला. तात्यांना स्टिकर व्हिसाच्या रांगेतून जावं लागलं, त्याला बरेच दिवस धरा.

२२ एप्रिल, एजेआबात

इस्तंबूलहून बस. तुर्की बसमध्ये चहा-बिस्किटं वाटणारा पोऱ्या असतो, त्याने तात्यांना लगेच जिंकलं. चहा मात्र बिनदुधाचा, छोट्या कमरेदार ग्लासातून. "ह्यो चहा न्हाई, काढा हाय," असं म्हणत तात्यांनी परतीपर्यंत किती ढोसला त्याला गणती नाही.

मुक्कामाला बहुतेक लोक समोरच्या किनाऱ्यावरच्या चनाक्कलेत राहतात. ते मोठं शहर आहे, हॉटेलं भरपूर. आम्ही मुद्दाम अलीकडे, एजेआबातमध्ये राहिलो. गाव एवढंसं, पण रणभूमी याच बाजूला आहे, फेरीची वाट बघावी लागत नाही. अँझॅक डेच्या, म्हणजे २५ एप्रिलच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात खोल्या कित्येक महिने आधी भरतात, तेवढं लक्षात ठेवा.

संध्याकाळी गंमत म्हणून फेरीने पलीकडे जाऊन आलो. पाण्याला ओढ एवढी, की फेरी तिरकी चालते. एका डोंगरउतारावर पांढऱ्या अक्षरांत भलामोठा मजकूर आणि बंदूकधारी शिपायाचं चित्र आहे. वाटसरूला "थांब" म्हणणाऱ्या कवितेची ती ओळ. दुसऱ्या बाजूच्या डोंगरावर १८ मार्च १९१५ ही तारीख. आम्ही इंग्रजी पुस्तकं वाचून आलेलो, त्यामुळे डोक्यात २५ एप्रिल. तुर्कांच्या डोक्यात मात्र १८ मार्च, आरमार परतवलं तो दिवस. चनाक्कलेत पेयनीर हेलवासी नावाचा चीजचा गोड पदार्थ मिळतो, तो चुकवू नका. तात्या माळकरी, अंडंही चालत नाही. दुकानदाराला मोबाइलवरून भाषांतर करून विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे अंड्याचाही करतात, बिनअंड्याचाही. बिनअंड्याचा पाव किलो घेतला, तो हॉटेलवर पोचेपर्यंत संपला.

२३ एप्रिल, हेलेस

द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला जायला सार्वजनिक वाहन जवळपास नाहीच. गाडी भाड्याने घ्या किंवा चालकासह ठरवा. आम्हाला हॉटेलवाल्याने त्याच्या मेव्हण्याची मिनीबस दिली. इकडे चालकाला सगळे "कप्तान" म्हणतात. आमचे कप्तान साठीचे, इंग्रजी शंभरेक शब्दांचं, पण त्या शंभर शब्दांत त्यांनी आख्खं युद्ध सांगितलं.

२३ एप्रिल हा तुर्कस्तानात बालदिन. गावोगाव झेंडे, शाळेच्या पोशाखातली पोरं, लाउडस्पीकरवर गाणी. सेद्दुलबहिरला पोचलो तेव्हा व्ही बीचवर दोन कुटुंबं सतरंजी टाकून बसली होती आणि एक मुलगा पाण्यात दगड फेकत होता. हा किनारा म्हणजे जेमतेम तीनशे मीटरची अर्धगोल पुळण. २५ एप्रिलला रिव्हर क्लाइड नावाची कोळशाची बोट इथं मुद्दाम किनाऱ्याला लावली. पोटात दोन हजारांच्या आसपास शिपाई, आणि बाहेर पडायला बाजूने पाडलेली दारं. दारातून निघणारा माणूस वरच्या चढावरून नेमका टिपता यायचा. तुर्कांच्या बाजूने इथं मूठभर लोक होते. त्यांच्यातल्या याह्या चावुश, म्हणजे याह्या हवालदाराचं, आणि त्याच्या साथीदारांचं स्मारक वर टेकाडावर आहे. तात्या चढावर जाऊन पालथे पडायचे तेवढे बाकी राहिले. नजर टाकूनच म्हणाले, "एक सेक्शन बास हाय हितं. ब्रिगेड अडवंल."

खाली पाण्याला लागून ब्रिटिशांची दफनभूमी. गॅलिपोलीतल्या त्यांच्या दफनभूमींत सहसा उभे दगड नसतात. जमिनीलगत तिरपी बसवलेली छोटी शिळा, तिच्यावर नाव. मधल्या हिरवळीखाली कित्येक बिननावाचे.

डब्ल्यू बीचला फार वेळ घालवला नाही. तिथल्या लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या सहा व्हिक्टोरिया क्रॉसची गोष्ट सगळीकडे सापडते. आम्हाला हेलेस मेमोरियलला वेळ हवा होता.

ते अगदी टोकावर, उघड्या माळावर. तीस मीटरहून उंच दगडी स्तंभ आणि त्याच्याभोवती नावांची भिंत. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. गवतात लाल पॉपीची फुलं. इथं वीस हजारांहून जास्त नावं आहेत, ज्यांची कबर सापडली नाही अशांची. त्यातच आपली. रेजिमेंटचं नाव, खाली हुद्दा, खाली नावं. चौदावी शीख, गुरखा पलटणी, पहाडी तोफखाना. सिंग, सिंग, सिंग, मग थापा, गुरुंग, पुन, मग खान आणि मोहम्मद. इंग्रजी अक्षरांत कोरलेली, पण नावं आपल्या रेल्वेच्या रिझर्वेशन चार्टवर असावीत तशी ओळखीची. तात्यांना "ड्रायव्हर" हा हुद्दा हवा होता. खेचर हाकणाऱ्याला त्यांच्या नोकरीतही हाच हुद्दा. उन्हामुळे वरच्या ओळी दिसेनात, तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचत बसले. सापडला तेव्हा मला हाका मारून बोलावलं, आणि त्या हुद्द्याखालचं एकेक नाव मोठ्याने वाचलं. हजेरी घेतात तसं, सावकाश, अडखळत, इंग्रजी स्पेलिंगमधून पंजाबी उच्चार शोधत. पलीकडे एक इंग्रज जोडपं होतं, ते वाचन संपेपर्यंत थांबून राहिलं.

बसायला ओट्यावर आलो तेव्हा ते म्हणाले, "बसऱ्याला आपल्या माणसांचं एवढं सुदीक न्हाई." हे मला आधी माहीत नव्हतं, नंतर वाचून खात्री केली. इराकमधल्या बसरा मेमोरियलवर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आणि भारतीय शिपायांचा पलटणीमागे नुसता आकडा. नावं फक्त अधिकाऱ्यांची. तात्यांचे चुलत आजोबा त्या आकड्यात कुठेतरी आहेत. एकाच साम्राज्याचं एकच सैन्य, लढायाही त्याच वर्षांतल्या. गॅलिपोलीत ड्रायव्हरचंही नाव दगडावर आलं आणि मेसोपोटेमियात हवालदाराचंही नाही. मला याचा अजून राग येतो.

दुपारी आल्चीतेपेत जेवलो. युद्धात याचं नाव क्रिथिया, आणि ते घ्यायला तीन लढाया झाल्या तरी मिळालं नाही. एक बाई तव्यावर गोझलेमे भाजत होती. पातळ लाटलेली पोळी, आत पालक आणि चीज. तात्यांनी लाटणं बघितलं, बारीक काठीसारखं लांब, आणि ते हातात घेऊन बघायची परवानगी मागितली. बाई हसून बाजूला झाली. त्यांनी एक लाटून दाखवली तर बाकीच्या बायका बघायला आल्या. फौजेत लंगरला मदत करायची सवय, दुसरं काय. गोल मात्र झाली नाही.

गावाच्या पश्चिमेला गली रॅव्हिन ही घळ आहे. ४ जून १९१५ ला चौदावी शीख पलटण इथं पुढे गेली. पाचशेच्या आसपास हल्ल्यात उतरले, दिवस संपताना दीडशेही धड उरले नव्हते. घळीत आता झुडपं आणि मेंढ्यांची वाट. फलक काही नाही. कप्तान म्हणाले, इथं बहुतेक कोणी थांबायला सांगत नाही.

संध्याकाळी मोर्तो बेजवळच्या तुर्की हुतात्मा स्मारकावर गेलो. चार खांबांवर उभं, ४१.७ मीटर उंच, आणि बालदिनाची सुट्टी म्हणून तोबा गर्दी. तुर्कांचे या लढाईत ८६ हजारांहून जास्त गेले असं मानतात. इथल्या पाट्यांवर नावासोबत गाव लिहिलंय, त्यात अलेप्पो, बगदाद, गाझाही दिसतात. कप्तान आम्हाला थेट एका पाटीपाशी घेऊन गेले. त्यांच्या गावचा माणूस, नात्यातला नाही. ते दरवेळी तिथं थांबतात.

२४ एप्रिल, रात्र

अँझॅकच्या पहाटेच्या कार्यक्रमाला प्रवेश फुकट आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी लागते. २४ तारखेला रस्ते बंद होतात, सगळ्यांना बसनेच आत सोडतात, तपासणी कडक, दारू अजिबात नाही. आणि एप्रिल आहे म्हणून फसू नका. समुद्रावरून रात्रभर बोचरा वारा येतो. कानटोपी, थर्मल, जमलं तर स्लीपिंग बॅग. मी पुण्याचं स्वेटर घालून गेले होते, तात्यांनी न बोलता त्यांची घोंगडी अर्धी माझ्यावर टाकली.

जागा नॉर्थ बीचला, पाण्याला लागून. पाठीमागे ढासळलेल्या मातीचा सुळका आहे, त्याला शिपायांनी स्फिंक्स नाव ठेवलं, कारण ते इजिप्तमध्ये सराव करून आले होते. रात्रभर त्यावर प्रकाश सोडलेला. पडद्यावर माहितीपट, मध्येच बँड. लोक गवतावर अळ्यांसारखे पडलेले.

आमच्या शेजारी न्यूझीलंडच्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, नातीबरोबर आलेल्या. तात्यांनी कंदी पेढ्याचा पुडा फोडला. आजींनी डबा पुढे केला, अँझॅक बिस्किटं. तात्या माळेला हात लावून थांबले, मी विचारलं अंडं आहे का. आजी म्हणाल्या, यात अंडं घालतच नाहीत; ओट्स, खोबरं आणि काकवीसारखा पाक. तात्यांनी मग सलग चार खाल्ली. मी आजींना सांगितलं, की १९१५ साली याच किनाऱ्यावर तुमचे शिपाई आपला जॅम आणि दगडासारखी बिस्किटं देऊन भारतीयांकडून चपात्या घ्यायचे. त्यांना हे ठाऊक नव्हतं. नातीला उठवून सांगितलं त्यांनी.

मेलबर्नहून आलेला एक तरुण सरदारजीही भेटला. मला वाटलं पणजोबा चौदाव्या शीखमध्ये असतील. तसं काही नव्हतं. मुलाला शाळेत अँझॅकवर प्रोजेक्ट होता, त्याने विचारलं, "आपले कोणी होते का?", आणि बापाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आला होता. तात्या आणि तो, फौजी हिंदी आणि पंजाबीत, दोन वाजेपर्यंत बोलत होते.

२५ एप्रिल

साडेपाचच्या सुमारास दिवे मालवले. माओरी भाषेतली हाक, भाषणं, लास्ट पोस्टची बिगुलाची धून. तुर्की अधिकाऱ्याने अतातुर्कच्या, म्हणजे इथंच लढलेल्या आणि पुढे आधुनिक तुर्कस्तान उभारणाऱ्या मुस्तफा केमालच्या नावावर असलेला तो प्रसिद्ध मजकूर वाचला, "जॉनी आणि मेहमेत" एकाच मातीत शेजारी झोपलेत, असा. हा मजकूर खरंच अतातुर्कचा का, यावर इतिहासकारांत वाद आहे. ऐकायला चांगला आहे, पण मला त्यात थोडी साखर जास्त वाटते. समोरच्या पाण्यात तेव्हा काय झालं होतं ते कप्तानांच्या शंभर शब्दांत जास्त नीट होतं.

भाषणांत भारतीयांचा उल्लेख आला का म्हणाल, तर आला, एका यादीत, स्वल्पविरामांच्या मधे. खरं तर अँझॅकवर, म्हणजे याच किनारपट्टीवर, उतरलेल्या पहिल्या तोफा भारतीय पहाडी तोफखान्याच्या. जेकब्ज बॅटरी पहिल्याच सकाळी साडेदहाच्या सुमारास किनाऱ्याला लागली. तोफ सुटी करून खेचरांवर लादायची, नळीसुद्धा दोन तुकड्यांत, वर नेऊन जोडायची. ऑस्ट्रेलियन पायदळाला त्या दिवशी किनाऱ्यावरच्या तोफांचा पहिला आधार मिळाला तो हाच.

कार्यक्रमानंतर लोक चढ चढून लोन पाइनला जातात, तिथं ऑस्ट्रेलियाचा कार्यक्रम, पुढे चुनुक बैरला न्यूझीलंडचा. चढ चांगलाच आहे, पाण्याच्या दोन बाटल्या तरी ठेवा. आम्ही आधी बीच सेमेटरीत गेलो. तिथं सिम्प्सनची कबर आहे. जॉन सिम्प्सन किर्कपॅट्रिक, गाढवावरून जखमींना खाली आणणारा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शाळकरी मुलाला त्याची गोष्ट पाठ. २५ एप्रिलला उतरला, १९ मेला गेला. कबरीवर रोझमेरीच्या काड्या आणि फुलांचा ढीग, फोटोसाठी रांग.

आता यातली गंमत बघा. हा सिम्प्सन आपल्या तुकडीत राहायचाच नाही. तो राहायचा आणि जेवायचा भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर. ते त्याला "बहादूर" म्हणायचे असं सांगतात. तात्यांनी हे ऐकलं, रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर कबरीला सॅल्यूट ठोकला. बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगला गडी. पण ह्याला जेवायला घालणाऱ्याचं नाव काय?"

लोन पाइनचा कार्यक्रम चुकला. चुनुक बैरला पोचलो तोवर ऊन तापलं होतं. इथून एकीकडे एजियन समुद्र आणि दुसरीकडे सामुद्रधुनीची निळी पट्टी, दोन्ही दिसतात. ज्यासाठी सगळा अट्टाहास केला ती पट्टी. ८ ऑगस्टला न्यूझीलंडवाले हे शिखर चढले. त्यांच्या डावीकडे, हिल क्यू नावाच्या टेकाडाच्या खिंडीत ९ ऑगस्टला सहाव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन मेजर ॲलन्सनच्या हाताखाली माथ्यावर पोचली. पलीकडे उतरतात तोवर त्यांच्यावर तोफगोळे पडले, आणि ते आपल्याच बाजूचे होते असं ॲलन्सन शेवटपर्यंत म्हणत राहिला. खाली यावं लागलं. पुढे बर्मा जिंकणारा फील्डमार्शल स्लिम तेव्हा ब्रिटिश पलटणीतला तरुण अधिकारी, याच डोंगरावर जखमी झाला. गुरख्यांना इथं लढताना बघून तो पुढे त्यांच्यात गेला.

चुनुक बैरवर न्यूझीलंडचा स्तंभ आणि अतातुर्कचा पुतळा शेजारी-शेजारी आहेत. हिल क्यूकडे जाणाऱ्या पायवाटेवर मला एकही माणूस दिसला नाही.

२६ एप्रिल, म्यूल गली

गर्दी आदल्या रात्रीच गेली. मजूर खुर्च्या आणि मचाण उतरवत होते. कप्तानांनी आम्हाला नॉर्थ बीचच्या रस्त्यावर सोडलं आणि आम्ही स्फिंक्सच्या पायथ्याच्या घळीत शिरलो. हीच म्यूल गली. नकाशात नाव आहे, जागेवर फारसं काही नाही. काटेरी झुडपं, रानटी रोझमेरीचा वास, पायाखाली भुसभुशीत माती. फुलपँट आणि बूट हवेतच. जमिनीत अजून शिशाच्या गोळ्या, हाडांचे तुकडे वर येतात. काही उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे.

तात्यांनी घळीच्या तोंडाशी उभं राहून चारही बाजू बघितल्या. मग बोलायला लागले आणि मला पहिल्यांदा त्यांची नोकरी कळली.

"तळ हितंच पायजे. वर कड हाय, तोफेचा गोळा सरळ येत न्हाई. किनारा जवळ, माल उचलायला. लायनी अशा लागल्या असतील," हाताने आडव्या रेषा मारत, "तोंडं डोंगराकडं. खेचर आवाजाला बिचकतं, पर दुसऱ्या खेचराची पाठ दिसली की थिर ऱ्हातं. दिवसा काम न्हाई. दिवसा हलला की मेला. रात्री निघायचं, कासरा हातात, बोलायचं न्हाई, चंद्र असंल तर थांबायचं." चार पावलं वर चढून परत आले. "चढ आमच्या वरच्या चौक्यांएवढा न्हाई. पर आमच्यावर कुनी रोज गोळ्या घालत नव्हतं."

मग पेडोंगीची गोष्ट निघाली. सर्व्हिस कोअरमध्ये ही खेचर सगळ्यांना माहीत. १९७१ च्या लढाईत पाकिस्तान्यांच्या हाती लागली, आणि पाठीवर मशीनगन अन् दारूगोळ्यासकट परत आपल्या हद्दीत पळून आली. तिला पुढे सन्मानाने निवृत्त केलं. मी म्हटलं, इथल्या खेचरांचं काय झालं? तात्यांना ठाऊक होतं. डिसेंबर १९१५ मध्ये अँझॅक रिकामं केलं, रात्रीच्या अंधारात, तुर्कांना पत्ता न लागू देता. हेलेस ९ जानेवारीच्या पहाटेपर्यंत. तिथं शेवटी बोटींत जागा पुरली नाही, तेव्हा पाचशेच्या वर खेचरं मारली. "शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. हुकूम तसाच असतो," म्हणाले. थोड्या वेळाने, "ड्रायव्हरला दुसरीकडं पाठवलं असंल आधी. त्याच्यादेखत न्हाई करत."

आम्ही तिथंच बसून दशम्या खाल्ल्या, घरून आणलेल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. कप्तानही आले, चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी दशमी मागितली.

परतीच्या बसमध्ये तात्यांनी घळीचे फोटो त्यांच्या जुन्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. मला वाटलं नमस्काराचे हात येतील. पहिला प्रश्न आला तो पठाणकोटच्या एका निवृत्त हवालदाराचा : तळाला पाणी कुठलं? तात्यांनी मला विचारलं, मी वाचलेलं सांगितलं, की झरे-विहिरी फारशा नव्हत्या, पाणी बोटींतून इजिप्तहूनसुद्धा यायचं, पत्र्याच्या डब्यांत भरून रात्री वर जायचं. त्यांनी ते टाइप केलं. लगेच दुसरा प्रश्न : मग जनावराला दिवसाला किती मिळायचं? तिसरा : उन्हाळ्यात का हिवाळ्यात? एकाने खेचराला रोज किमान किती लागतं त्याचा हिशेब मांडला, दुसऱ्याने तो चुकीचा ठरवला, वजन चढावर नेताना वेगळं असतं म्हणाला. इस्तंबूलच्या वेशीवर ट्रॅफिक लागला तरी हे चाललेलंच होतं. तात्यांनी चष्मा वर करून पोऱ्याकडून आणखी एक काढा घेतला आणि मला म्हणाले, "तुज्या त्या पुस्तकात बघ, बार्ली किती देत हुते."